टेकू किती दिवस ठेवायचा?

संयोजकांनी आमच्यासाठी खुर्ची ठेवली आहे, त्याबद्दल त्यांचे आभार. पण आम्ही उभ्यानेच बोलणार आहोत. मधे पाच मिनिटं बसू, पुन्हा उठू. तुमचीही पाठ अवघडली तर खुशाल उठून मागे उभे राहा. आजच्या विषयाला ते धरूनच होईल.

एक खुलासा आधीच करतो. पाठ एकाच माणसाची दुखत होती. पण घरातला एक माणूस अंथरुणाला खिळला की पाणी देणारे, तेल लावणारे, रात्री कूस बदलताना हात देणारे असे सगळेच त्या दुखण्यात सामील होतात. म्हणून आम्ही 'आम्ही' म्हणतो. त्यात मोठेपणा काही नाही.

आज दोन इतिहास शेजारी-शेजारी ठेवायचे आहेत. एक, नाशिक भागातल्या लाकडी घरांचा आणि त्यांच्या दुरुस्तीचा. दुसरा, पाठदुखीवर माणसाला निजवून ठेवण्याच्या सल्ल्याचा. हे दोन्ही विषय एका व्याख्यानात कसे, असं वाटेल. आम्हालाही ते आधी सुचलं नव्हतं. एका पडक्या गोठ्यात ते एकमेकांना भेटले.

हा गोठा निफाड तालुक्यातला, गोदावरीच्या काठच्या एका गावातला. पाच खणांचा. खाली जनावरं बांधायची, वर माळ्यावर चारा आणि शेतीची अवजारं ठेवायची. जनावरं गेली, चारा गेला, आणि वीस वर्षं दाराला कुलूप राहिलं. पाठीचं दुखणं उपटलं त्याच वर्षी एक लाकूड-व्यापारी गोठा बघून गेला. जुनं सागवान, उभं विकलं तर चांगला भाव येईल, असं त्याचं म्हणणं. घरात दोन तट पडले. एक म्हणे विकून टाका, मागे सिमेंटच्या दोन खोल्या होतील. दुसरा म्हणे थांबा. त्या वादात आम्ही आडवे पडून होतो आणि छताकडे बघत होतो. एवढं छत आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं.

आता 'खण' हा शब्द घेऊ, कारण सगळी गोम त्यातच आहे. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. आपल्याकडे घर मोजायचं ते खणांवर. तीन खणांचं, पाच खणांचं. यावरून एक गोष्ट कळते. ही बांधणी भिंतींची नाही, खांबांची आहे. दगडी तळखडा, त्यावर सागाचा खांब, खांबांवर तुळई, तुळईवर आडव्या कड्या, कड्यांवर पाट म्हणजे फळ्या. म्हणून त्या छताला कडीपाट म्हणायचं. भार तळखड्यापर्यंत उतरतो तो लाकडातून. मधली पांढऱ्या मातीची किंवा विटांची भिंत बरीचशी ऊन-वारा अडवायला असते. गावठाणाला आपण पांढरी म्हणतो आणि शेताला काळी, हे तुम्हाला माहीत आहेच. भिंतीची माती पांढरीतली.

शिवाय सांधे. एका लाकडाला खाच, दुसऱ्याला तिच्यात बसणारी जीभ, आणि आरपार लाकडी खुंटी. खिळा जवळजवळ नाहीच. असा सांधा थोडा हलतो आणि हलूनच टिकतो. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, तेवढी मुभा त्याला असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, जवळपास आठ हजार माणसं गेली. जाड, मातीत रचलेल्या दगडी भिंती माणसांच्या अंगावर कोसळल्या. त्याच गावांत काही ठिकाणी भिंती पडल्या आणि मधला लाकडी सांगाडा उभाच राहिला. जुनं ते सगळं सुरक्षित, असा याचा अर्थ नाही. पण भार कोण वाहतो आणि आडोसा कोण धरतो, हा फरक त्या पहाटे फार कठोरपणे दिसला.

नाशिकमध्ये ही बांधणी भरात आली ती अठराव्या शतकात. शतकाच्या मध्याला शहर मराठ्यांच्या अमलाखाली आलं आणि नदीकाठी बांधकामांची रांग लागली. १७४७ चं नारोशंकराचं देऊळ, १७५६ चं सुंदरनारायण, शतकाच्या अखेरचं काळाराम. देवळं दगडाची. सरदार, सावकार आणि उपाध्ये राहात ते वाडे लाकडाचे. सुरूच्या आकाराचे खांब, केळफुलाची नक्षी, महिरपी. सराफ बाजाराजवळचा सरकारवाडा त्यातलाच.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. सुंदरनारायण कोणी बांधलं? गंगाधर यशवंत चंद्रचूड. काळाराम? रंगराव ओढेकर. पैसे देणाऱ्यांची नावं आपल्याला पाठ आहेत. महिरप कोरणाऱ्या सुताराचं नाव विचारा. सांगता येत नाही. त्र्यंबक नारायण आत्र्यांचं 'गावगाडा' १९१५ साली आलं. त्यात बलुतेदारांच्या ओळी आणि त्यांचे हक्क नोंदलेले आहेत. सुताराने नांगर, पाभर, मोट नीट ठेवायची आणि सुगीला धान्य न्यायचं. ही सगळी व्यवस्था दुरुस्तीवर चालत होती. नवीन वस्तू क्वचित लागे, नीट ठेवायचं काम मात्र रोजचं. त्या व्यवस्थेत जातीचा जाच होता आणि ती गेली याचं दुःख करायचं कारण नाही. पण ती जाताना वेळच्या वेळी डागडुजी करण्याची सवयही गेली, हे मान्य करायला हवं.

लाकूड कुठून यायचं? पश्चिमेला पेठ, सुरगाणा आणि त्यापलीकडचं डांग. हा सगळा सागाचा पट्टा. सागाचं मोल इंग्रजांना चांगलं ठाऊक होतं. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ साली सागाचं 'ट्रिंकोमाली' हे लढाऊ जहाज बांधून दिलं. ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर आहे. १८४२ मध्ये डांगचं जंगल इंग्रजांनी तिथल्या भिल्ल राजांकडून भाडेपट्ट्याने घेतलं. १८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे सुरू झाली आणि रुळांखाली लाकूड लागू लागलं. १८७८ च्या वनकायद्याने जंगलांची राखीव आणि संरक्षित अशी वाटणी झाली. आता गावच्या माणसाला खांबासाठी झाड मिळणं अवघड झालं.

मग लोकांनी काय केलं? जुनं लाकूड पुन्हा वापरलं. आमच्या गोठ्यातल्या दोन खांबांना मधेच खाचा आहेत, ज्यांत आज काहीच बसत नाही. लहानपणापासून त्या बघत होतो, त्यात चिमण्या घरटी करायच्या. आडवे पडल्यावर पहिल्यांदा प्रश्न पडला की या खाचा कशाच्या? तर तो खांब आधी दुसऱ्या कुठल्या तरी घरात उभा होता. तिथून सोडवून आणला आणि इथे उभा केला. खुंटीचा सांधा सुटतो म्हणून हे जमतं. आमच्या पणजोबांचा म्हणून आम्ही मिरवत होतो तो खांब पणजोबांनाही सेकंडहँडच मिळाला होता.

असं टिकलेलं लाकूड मग विसाव्या शतकात का कुजलं? कारणं तीन, आणि तिन्ही आपल्या ओळखीची आहेत.

पहिलं कारण सिमेंट. मातीची भिंत पाणी पिते आणि सोडते. तिला सिमेंटचा गिलावा केला, खाली कोबा केला, की पाणी आत जातं पण बाहेर येत नाही. ते वाट काढतं ती खांबाच्या पायाकडून. आमच्या गोठ्यात जनावरांच्या सोयीसाठी कोबा घातला होता. चांगल्या हेतूने घातला होता. त्याने तळखडा झाकला गेला आणि तीन खांबांचे पाय वीतभर कुजले. वर लाकूड खणखणीत, खाली भुसा.

दुसरं कारण पूर. १९६९ चा सप्टेंबर, २००८ चा सप्टेंबर, २०१६ चा ऑगस्ट. दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं यावर आपण पूर मोजतो. पण पाणी ओसरल्यावर मातीच्या भिंतीच्या पोटात काय उरलं ते मोजत नाही.

तिसरं कारण कायदा. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडं सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधलं गेलं. युद्ध झालेलं, निर्वासित येत होते, घरं कमी होती. भाडेकरूला आधार हवाच होता. तो टेकू त्या वेळी योग्य होता. पण तो पन्नास वर्षं तसाच राहिला. मालक म्हणे एवढ्या भाड्यात कौलंही फिरवता येत नाहीत. भाडेकरू म्हणे घर आमचं नाही, खर्च का करू? दोघांचंही खरं होतं. मधे वाडा गळत राहिला. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवणूक आता अवाजवी झाल्याचं सांगितलं आणि १९९९ मध्ये नवा कायदा आला. तोवर जुन्या नाशकातल्या कितीतरी वाड्यांच्या तुळया वाकल्या होत्या.

१९४७ हे साल लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत येणार आहोत. आता पाठीकडे वळू. जरा बसतो.

एकोणिसाव्या शतकात, १८६० ते १८६२ या काळात, जॉन हिल्टन नावाच्या इंग्रज शल्यविशारदाने लंडनमध्ये व्याख्यानं दिली. तीही व्याख्यानमालाच. विषय होता विश्रांती आणि वेदना. १८६३ मध्ये त्यांचं पुस्तक झालं आणि डॉक्टरांच्या कितीतरी पिढ्या ते वाचत राहिल्या. सांगणं असं की दुखणाऱ्या भागाला विश्रांती द्या, निसर्ग आपलं काम करील. मोडलेल्या हाडाला हे लागू आहे. हळूहळू ते पाठीलाही लागू झालं. १९३४ मध्ये बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोघांनी मणक्यामधली चकती सरकून मज्जातंतूवर दाब येतो हे दाखवून दिलं. ते खरंच होतं. पण त्यानंतर प्रत्येक पाठदुखीच्या मागे सरकलेली चकती दिसू लागली. फळीवर निजा, वजनं बांधून पाय ओढा, पट्टा बांधा, सहा आठवडे उठू नका. आमच्या आजोबांना हेच सांगितलं गेलं होतं. आम्हालाही एका दवाखान्यात जवळपास हेच सांगितलं. सांगणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. कोबा घालणाऱ्याचाही नव्हता.

आणि आता १९४७. त्याच वर्षी रिचर्ड अ‍ॅशर या लंडनच्या डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटा लेख लिहिला. अंथरुणात पडून राहण्याचे धोके, हा त्याचा विषय. स्नायू झिजतात, हाडांतला चुना जातो, रक्त साकळतं, मन खचतं, असं त्यांनी एकेक अवयव घेऊन दाखवलं. भाडं गोठवणारा कायदा आणि माणसाला गोठवू नका म्हणणारा लेख एकाच सालचे. हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून सिद्धांत काढायचा नाही. पण आम्हाला तो विसरता येत नाही.

पाठीपुरता पुरावा यायला आणखी चाळीस वर्षं लागली. १९८६ मध्ये अमेरिकेत डेयो आणि सहकाऱ्यांनी २०३ रुग्णांचे दोन गट केले. एकाला दोन दिवस झोपायला सांगितलं, दुसऱ्याला सात दिवस. दोन दिवसवाल्यांचे कामाचे ४५ टक्के कमी दिवस बुडाले आणि बाकी प्रकृतीत फरक दिसला नाही. १९९५ मध्ये फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या १८६ नगरपालिका कर्मचाऱ्यांचे तीन गट केले. एक गट झोपला, एकाने पाठीचे व्यायाम केले, एकाने झेपेल तसे रोजचे व्यवहार चालू ठेवले. सगळ्यांत लवकर तिसरा गट बरा झाला.

रोजचे व्यवहार हेच औषध, हा विचार आपल्याकडे नवा नव्हता. पहिल्या महायुद्धात लंडनच्या शेफर्ड्स बुश इथल्या लष्करी रुग्णालयात जखमी सैनिकांसाठी कार्यशाळा काढल्या होत्या. सुतारकाम हा तिथल्या उपचाराचाच भाग. आपल्याकडे हे शास्त्र आणलं कमला निंबकरांनी. जन्माने त्या अमेरिकन, एलिझाबेथ लंडी. लग्नानंतर निंबकर घराण्यात आल्या आणि १९५० मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात त्यांनी व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. भारतातली ती पहिली. फलटणचं कमला निंबकर बालभवन अनेकांना माहीत असतं. पण ज्यांच्या नावाचं ते आहे त्यांनी रुग्णाच्या हातात काम देणं हा उपचार मानला होता, हे कमी लोकांना माहीत असतं.

आता गोठ्यात परत. आम्ही सहा आठवडे झोपलो. दुखणं थोडं कमी झालं, पण उठून उभं राहिलं की पाय थरथरायचे. तेव्हा एका व्यायामोपचार करणाऱ्या बाईंनी एक वाक्य सांगितलं. दुखलं म्हणून थांबू नका, घड्याळ बघून थांबा. दहा मिनिटं ठरवली तर दहाच. बरं वाटलं तरी अकरावं नाही, कुरकुरलं तरी, सहन होत असेल तर, नववं सोडायचं नाही. पुढच्या आठवड्यात बारा.

दहा मिनिटं करायचं काय? गोठ्यात एक कडी पडली होती. गावातल्या मिस्त्रीकाकांना बोलावलं. वय सत्तरीच्या पुढे, मुलगा नाशिकला फर्निचरच्या दुकानात. काकांनी कडी उलटसुलट केली, नखाने टोकरली आणि म्हणाले, "सालीलगतचं पांढुरकं वाळवीनं खाल्लंय, गाभ्याला दातसुद्धा लागला नाही. हिचे पाट होतील." म्हणून पहिली वस्तू पाट.

काका जमिनीवर बसून, लाकूड पायाने दाबून काम करायचे. आपल्याकडचा सुतार पिढ्यान्‌पिढ्या तसाच बसत आला. ते आम्हाला जमेना. उभ्याने करावं तर वाकावं लागे. शेवटी मनगटाच्या उंचीचं टेबल केलं. रंधा ओढताना जोर हाताचा न लावता पाय मागे-पुढे करून अंगाचा लावायचा, हे काकांनीच दाखवलं. उभ्याने रंधा, मग खाली बसून पटाशी, मग थोडं चालणं. एका पाटाला सतरा दिवस लागले. तो एका बाजूने डुगडुगतो. घरात त्यावर कोणी बसत नाही, पण टाकूनही देत नाहीत.

मग खांबांचं काम निघालं. त्यात आमचा वाटा मोजमापाचा आणि खुंट्या तासण्याचा. जड काही उचललं नाही, हे स्पष्ट सांगतो. कोबा फोडला, तळखडे उघडे केले. तुळई खांबाबरोबर दीड इंच खचली होती. आम्हाला वाटलं ट्रकचा जॅक लावून एका दुपारी उचलू. काकांनी मान हलवली. "रोज एक सूत."

एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दीड इंच म्हणजे बारा सूत, बारा दिवस. तुळई ज्या वाकात वीस वर्षं राहिली तो वाक तिच्या अंगात बसलेला असतो. एकदम उचलली तर दुसऱ्या टोकाचा सांधा फाटतो. रोज एक सूत वर घ्यायचं, टेकू घट्ट करायचे, रात्रभर थांबायचं. रात्री लाकूड कडकड आवाज करायचं. सकाळी काका ओळंबा धरून बघायचे. हे बघताना घड्याळाची दहा मिनिटं आठवली. दोन वेगळ्या माणसांनी, एकमेकांना न भेटता, एकच गोष्ट सांगितली होती.

मग खांबाचा कुजका पाय चांगलं लाकूड लागेपर्यंत कापला, तिरका सांधा घेऊन जुन्या सागाचा नवा तुकडा बसवला, दोन खुंट्या मारल्या, जवसाचं तेल पाजलं. भिंतीचा सिमेंटचा गिलावा काढून मातीचा केला. सांधे बसल्यावर काकांनी टेकू काढायला घेतले. आम्ही म्हणालो, राहू द्या की पावसाळाभर. ते म्हणाले, "टेकू ठेवला तर भार टेकूवरच राहील. खांबाला कळणारच नाही तो उभा आहे."

त्या वेळी आमच्या कमरेला पट्टा होता. तोही जाग्यावरच सोडला, असं सांगितलं तर टाळ्या पडतील, पण ते खरं नाही. त्याला आणखी दीड महिना लागला. पट्टा आज गोठ्यातल्या खुंटीला अडकवलेला आहे. वर्षातून एखाद्या वेळी उतरवावाही लागतो.

इतिहास सांगताना हिशेब पुरा सांगावा. पाचपैकी तीन खण वाचले. दोन खण विकावे लागले, कारण तीन खणांच्या दुरुस्तीला पैसा हवा होता. ते सागवान गाडीत चढताना आम्ही बघितलं. खाचा असलेल्या दोन खांबांपैकी एक त्यात गेला. तो तिसऱ्यांदा कुठेतरी उभा राहिला असेल अशी आशा आहे. पण हल्ली जुन्या सागवानाच्या बहुधा फळ्या पाडतात.

म्हणून इथे बसलेल्यांना आणि घरी ऐकणाऱ्यांना तीन विनंत्या. पहिली, जुनं घर असेल तर कुलूप लावून ठेवू नका. पावसाआधी, वैशाखात, एकदा खांबांच्या पायात टोचा खुपसून बघा. पटकन आत गेला तर जाणत्याला बोलवा. दुसरी, पाठ दुखली तर आमचं ऐकून सुतारकाम सुरू करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. पाय बधिर होत असतील, लघवीवरचा ताबा जात असेल, ताप असेल, तर त्याच दिवशी. मात्र 'झोपून राहा' असं कोणी म्हणालं तर 'किती दिवस?' हे नक्की विचारा. तिसरी विनंती सगळ्यांत घाईची. तुमच्या गावात सांधा करणारा एखादा म्हातारा मिस्त्री असेल तर त्याच्याजवळ जाऊन बसा, त्याच्या हाताचं चित्रण करा, त्याचं नाव लिहून ठेवा. काळारामाच्या काळातल्या सुतारांची नावं आपण घालवली. यांची तरी घालवू नये.

काम संपल्यावर मिस्त्रीकाकांनी मजुरी घेतली, तो डुगडुगता पाट हातात घेऊन बराच वेळ हसले, आणि आपले टेकू बैलगाडीत टाकून घेऊन गेले. शेजारच्या गावात एक वाडा खचला होता, तिथे ते लागणार होते.